छताचा सांधा

"दोन छतांचा सांधा काही बसून न्हाई राहिला," पुनम लॅपटॉपकडे बघत पुटपुटली. कुरुंदा गावात बाबा आणि काका मिळून बांधणार होते, त्या नव्या घराचा थ्रीडी आराखडा ती काढत होती. बाबांना उतरतं छत हवं होतं, काकांना सपाट. पीओपीच्या नक्षीवरून तर दोघं भाऊ चहा थंड होईस्तोवर भांडले.

नर्मदाआजी पुनमच्या शेजारी येऊन बसली.

"पोरी, ते छत जरा उचलून दाव की. आतलं तर बघू दे."

पुनमनं बाबांकडं पाहिलं, मग काकांकडं. कोणी नको म्हणेना, म्हणून तिनं स्क्रीनवरचं छत लपवलं.

आत दोन स्वयंपाकघरं होती.

आजीनं चष्मा नीट केला.

"बेस काढलंस. आता माझी बी एक चूल काढ. महिना इकडं, महिना तिकडं, मला जमायचं न्हाई."