मुंग्यांना पुढारी नसतो

“मुंग्यांना कोणी पुढारी नसतो,” सोसायटीचे सेक्रेटरी अच्युतरावांनी महाप्रसादाच्या ऐन वेळी जाहीर केलं आणि पंगत सांभाळणाऱ्या सगळ्या स्वयंसेवकांना बाजूला केलं. “व्यवस्था आपोआप लागते. आपण फक्त बघायचं.”

बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते गुंतागुंतीच्या व्यवस्थांचं शास्त्र ऑनलाइन शिकत होते. परीक्षेत दोनदा आपटले होते; आता पुढाऱ्याविना लागलेल्या व्यवस्थेचा एक खराखुरा दाखला दिला, तरच प्रमाणपत्र मिळणार होतं. ते खुर्ची टाकून, वही उघडून बसले.

पहिली पाच मिनिटं दोनशे माणसं एकाच पातेल्याला आपोआप भिडली. मग अच्युतरावांच्या सौभाग्यवतींनी, कुमुदताईंनी, पदर खोचला. “अहो सावंत, मसालेभात तिकडून वाढायला घ्या! पोरांनो, आधी खाली बसा! आणि आमच्या ह्यांची खुर्ची वाटेतून उचला बघू, वहीसकट!”

खुर्चीसकट जिन्याखाली पोचलेल्या अच्युतरावांनी तिथूनच टिपून घेतलं: ‘सहाव्या मिनिटाला, कोणाच्याही हुकुमाविना, पंगत लागली. अद्भुत!’

आठवड्याने प्रमाणपत्र आलं. परीक्षकांनी त्यांच्या निरीक्षणशक्तीची खास तारीफ केली होती. अच्युतरावांनी ते चौकटीत बसवून घेतलं आणि हातोडी घेऊन ते दिवाणखान्याच्या भिंतीसमोर उभे राहिले.

“तिथे नको हं,” स्वयंपाकघरातून आवाज आला. “मागच्या बाल्कनीत ठोका, वॉशिंग मशीनच्या वर.”

खिळा आपोआप वॉशिंग मशीनच्या वर लागला.