भूक सांगणारी जागा

काचेपलीकडच्या खोलीत काकांनी दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला.

शास्त्रज्ञबाई अलीकडून बघत होत्या. टेबलावर गरम भात होता, भाजलेले बटाटे होते, अंडं होतं. काका रात्रीपासून उपाशी होते. प्रयोगाचा तसा नियमच होता. सकाळी त्यांना मशीनमध्ये झोपवून खाण्याचे फोटो दाखवले होते आणि त्या वेळी मेंदूत काय चाललंय त्याची चित्रं घेतली होती. आता पुढ्यात खरं जेवण होतं, आणि जन्मभर बस चालवलेला तो धिप्पाड माणूस ताट शेजारच्याचं असल्यासारखा बसून होता. मांडीवर ठेवलेला उजवा हात थरथरत होता.

"झालं, काका?" बाईंनी माईकवरून विचारलं.

"झालं. पोट भरलं."

"बघा," बाईंच्या मागे खुर्चीत बसलेल्या काकू म्हणाल्या. "घरीही हेच. तुमच्या जेवणाला नावं ठेवत नाही, पण दवाखान्याचं ते दवाखान्याचंच. मी डबा आणलाय. देऊ का?"

मोजमाप संपलं होतं. बाईंनी दार उघडून दिलं आणि काकूंच्या मागोमाग त्याही आत गेल्या.

काकूंनी तळलेला मासा काढला, काटे काढून तुकडा नवऱ्यापुढे धरला. काकांनी तो तोंडात घातला, बराच वेळ चावला, गिळला. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. पार्किन्सन्सने तो चेहरा कधीच गोठवून टाकला होता.

"छान झालाय," ते एका सुरात म्हणाले.

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. झाकण नीट बसलं होतं, तरी त्या ते दाबत राहिल्या.

"लग्नानंतर हा माणूस पातेलं निपटून खायचा," त्या बाईंना म्हणाल्या. नवरा समोरच बसला होता, पण त्याच्याकडे बघितलं नाही. "आता माझ्या हाताची चव गेली. तोंडावर म्हणत नाहीत, एवढाच चांगुलपणा. मी तेल बदललं, मीठ कमी करून बघितलं, जास्त करून बघितलं. शेजारणीला विचारून तिच्या पद्धतीने केलं. परवापासून ताट वाढते आणि आत निघून जाते. बघवत नाही."

रोगी किती ग्रॅम खातो, किती वेळात खातो, किती वजन घटतं, हे सगळं बाईंना तोंडपाठ होतं. त्या ताटाच्या दुसऱ्या बाजूला कोण बसलेलं असतं, याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता.

कुणालाही त्याच्या स्वतःच्या मेंदूचं चित्र दाखवायचं नाही, हा त्यांच्याच प्रयोगशाळेचा नियम. पण आधी तपासलेल्या सगळ्यांचं मिळून जे निघालं होतं ते आता छापून आलं होतं. ते सांगायला कुणाची आडकाठी नव्हती. त्यांनी तिथल्या संगणकाचा पडदा दोघांकडे वळवला.

"हे तुमचं नाही, काका. तुमच्यासारख्या पुष्कळ जणांचं आहे. ही मेंदूच्या तळाशी बदामाएवढी जागा दिसते? पोट रिकामं झालं, समोर खायला आलं, की ही जागा पेटते. तेव्हा आपल्याला भूक लागली असं कळतं. हे निरोगी लोकांचं चित्र."

पडद्यावर ती जागा लालभडक होती.

"आणि हे पार्किन्सन्सवाल्यांचं."

तिथे नुसती राखाडी झाक होती.

"म्हणजे जेवण कसंही असलं तरी..." काकू अर्ध्यावर थांबल्या.

"भुकेचा निरोपच जात नाही. स्वयंपाक कुणाचाही असो."

काकांचे ओठ हलले. या आजारात शब्द उशिरा येतात. बाईंनी वाट पाहिली.

"मला वाटलं," ते म्हणाले, "माझंच जगण्यावरून मन उडालं. माणसाला अन्न नको वाटायला लागलं, म्हणजे दुसरं काय असणार? हिला कुठल्या तोंडाने सांगू?"

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि त्यांचा थरथरता हात आपल्या मांडीवर घेतला.

"आणि मी मिठाशी भांडत बसले," त्या म्हणाल्या.

तो हात कुरवाळत त्यांनी विचारलं, "यावर औषध?"

हा प्रश्न येणार हे बाईंना ठाऊक होतं. सभांमध्ये यायचा, घरी सख्खा भाऊसुद्धा विचारायचा: इतकी वर्षं घालवलीस, हाती काय लागलं?

"अजून नाही," त्या म्हणाल्या. "शोधतोय. कधी मिळेल ते मला सांगता येणार नाही."

दोघांचे चेहरे उतरतील असं त्यांना वाटलं होतं. काकूंनी नुसती मान हलवली.

"मिळेल तेव्हा मिळेल. माझी चव गेलेली नाही ना?"

"नाही. मासा इथवर दरवळतोय."

काकूंनी लगेच डब्यातला एक तुकडा झाकणावर काढून बाईंपुढे सरकवला. प्रयोगशाळेत खायचं नसतं, पण बाईंनी खाल्ला. मग बोटं पुसत त्यांनी समजावलं: भूक लागेल म्हणून थांबू नका, घड्याळ बघून थोडं थोडं द्या, वजनावर लक्ष ठेवा, आहारतज्ज्ञांना भेटा.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे वळल्या.

"ऐकलंत ना? यापुढे मी सांगेन तेव्हा तुम्हाला भूक लागली असं समजायचं."

काकांना शब्द जुळवायला वेळ लागला.

"आजवर काय वेगळं चाललं होतं?"

काकू पदर तोंडाला लावून हसू लागल्या. काकांचा चेहरा होता तसाच होता. पण त्यांचे खांदे हलत होते. कंप ओळखण्यात बाईंची उमर गेली होती. हा कंप नव्हता.