अडकणारं पिस्तूल

आमचा जावई व्हर्लिन स्वतःची चूक मरेपर्यंत कबूल करायचा नाही. माझ्या गेलेल्या नवऱ्याचं पिस्तूल मी त्याला लग्नात दिलं, तर दर दोन गोळ्यांनंतर ते अडकतं म्हणून त्यानं तीन महिने जेवणाच्या टेबलावर दुकान मांडलं. स्प्रिंग दोनदा बदलली, गोळी वर सरकते तो उतार घासून घासून आरशासारखा केला. रविवारी चर्चहून आल्यावर मागच्या कुरणात नेऊन चालवलं, तर परत अडकलंच.

"मिस ओपल, हे आता संपलं. उद्या हे दुकानात देऊन नवीन घेतो," तो मला म्हणाला. आमच्याकडे सासूलाही मानानं 'मिस'च म्हणतात.

"आण इकडं, शेवटचं हातात घेते," म्हटलं. कुंपणावरच्या डब्यांवर नेम धरला आणि सातही गोळ्या सलग झाडल्या. एकदाही अडकलं नाही.

व्हर्लिननं पिस्तूल उलटसुलट करून पाहिलं. "सकाळी तेल सोडलं होतं ना मी. त्याचाच गुण."



"तेलाचा कसला गुण. मनगट सैल ठेवून धरलं की चांगलं पिस्तूलही अडकतं, बाळा. हे राहील माझ्याकडे, तू तुझं मनगट बदलून आण."