शुक्रवारची भाकरी

हिल्कीयाने आईच्या भाकरीला हातही लावला नाही. समोरचं खुरटं गवत उपटलं, माती झटकली आणि चावत बसला. खाऱ्या समुद्राकाठी गवतसुद्धा खारट. एस्सीन या कडक यहुदी पंथाच्या वस्तीतून त्याला हाकलल्याला आज अठरा दिवस झाले होते आणि त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या.

"अरे, गाढव आहेस का गवत खायला?" शफीरा कळवळली. भाकरी घेऊन ती यरीहोहून पायी आली होती.

"शपथ घेतलीय आई. आमच्या पंथातल्या बंधूंच्या हातचं सोडून दुसरं अन्न खायचं नाही."

"ज्यांनी हाकललं, त्यांची शपथ?"

"शपथ देवापुढे घेतली. त्याने कुठे हाकललंय मला?"

"तुझा बाप परूशी पंथाचा होता. नियमांचा कीस पाडायचा, पण जेवायचा तरी वेळेवर!"

हिल्कीया हसला. हसतानाही त्याला धाप लागली. काय गुन्हा केलास, हे तिने दहादा विचारलं होतं; हा पठ्ठ्या सांगेल तर शपथ. ती उठली आणि तडक वस्तीच्या दारावर गेली.

पांढऱ्या कपड्यांतला म्हातारा कारभारी वाईट माणूस नव्हता. नियमाप्रमाणे तो तिच्यापासून चार हात लांब उभा राहिला, पण त्याचे डोळे भरून आले होते.

"पंगतीतली पवित्र भाकरी त्याने बाहेर दिली," तो म्हणाला. "दुष्काळात, दर शुक्रवारी. स्वतःच्या वाट्याची, मेंढपाळाकरवी, यरीहोतल्या कुणा बाईला. 'चूक झाली' एवढं म्हणाला तर आत्ता दार उघडतो. पण म्हणतच नाही."

दुष्काळात दर शुक्रवारी शफीराच्या उंबऱ्यावर भाकरी असायची. सभास्थानाचं दान समजून तिने ती खाल्ली होती. वर मीठ कमी म्हणून नावंही ठेवली होती.

ती धावतच परतली. हिल्कीया आता आडवा पडला होता.

"म्हण रे राजा, चूक झाली म्हण!"

"तू जगलीस. चूक कशी म्हणू?"

तिने भाकरीचा तुकडा त्याच्या ओठांशी धरला. "मग माझ्यासाठी मोडलास ना नियम? तसा आताही मोड!"

त्याने तिचा हात हळूच बाजूला केला.

"तेव्हा भूक तुझी होती, आई."