कॅरियर नसलेली सायकल

"अहो, मागून टाका ना पाय! मागे कोण बसलंय?"

बाइंडरची बायको पहिल्या मजल्याच्या खिडकीतून ओरडली. खाली बाइंडर, म्हणजे वह्या-पुस्तकं बांधणारा तिचा नवरा, नव्या सायकलची दांडी पुढून ओलांडायच्या खटपटीत, बगळ्यासारखा एका पायावर उभा होता. पन्नाशी उलटलेला गुडघा दांडीशी येऊन अडला होता आणि पुढं जायचं नाव घेत नव्हता.

"सवय आहे," तो पुटपुटला.

सायकल दुकानातली सगळ्यात स्वस्त. घंटी पोरकट, सीट म्हणजे दगड, ब्रेक मनात आलं तर लागणारा. कॅरियर नव्हताच. "तो वेगळा घ्यावा लागेल," दुकानदार म्हणाला होता. "काय करायचाय?" असं बाइंडरनं जरा जास्तच झटकन उत्तर दिलं होतं.

"कुठवर जाणार?" बायकोनं विचारलं.

"पाण्याच्या टाकीपर्यंत. डॉक्टर म्हणाले पाय हलवा, पाय हलवतो."

"टाकीच्या पुढं जाणार असलात तर मिक्सर न्या बरोबर. कधीचा बंद पडलाय."

"पुढं जात नाहीये."

"मग देऊ का दुसऱ्या कुणाला दुरुस्तीला?"

"काही नको!" तो एकदम म्हणाला. मग आवाज उतरवून, "आणि नेऊ कशावर? डोक्यावर?"

बायको हसली नाही. कुंडीतलं पिकलं पान खुडत, कुंडीलाच सांगितल्यासारखी म्हणाली, "सुट्टीच्या दिवशीही भाऊजींचं दुकान उघडं असतं म्हणे."

बाइंडरनं ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण तोवर पाय कसाबसा दांडीवरून पलीकडे गेला होता.

भाऊजी म्हणजे त्याचा दादा. दादाचा एक पाय लहानपणापासून अधू. आधी शाळेत, पुढं कामावर, दादा मागं कॅरियरवर आणि धाकटा पुढं. दादा आधी बसायचा, धाकट्याचा शर्ट मुठीत धरायचा, मग म्हणायचा, "हं, हाण." म्हणून पाय पुढूनच टाकायचा; मागून टाकला तर लाथ थेट दादाच्या तोंडावर. आणि रस्त्यात खड्डा दिसला की आधी ओरडायचं, "खड्डा!" मग दादा दोन्ही हात टेकून अंग बोटभर वर उचलून घ्यायचा. नाहीतर कॅरियरच्या सळया देवाची आठवण करून द्यायच्या.

आईच्या शेवटच्या आजारपणात दोघंही जागून जागून थकले होते. कशावरून तरी वाजलं, आणि धाकट्याच्या तोंडून निघून गेलं, "तुझं ओझं मी जन्मभर ओढलंय."

दादा त्यावर काही बोलला नाही. त्यानंतर इतक्या वर्षांतही काही बोलला नाही.

सायकल पळत होती. चढ लागला तरी पळत होती. एवढी हलकी सायकल बाइंडरनं आयुष्यात कधी चालवली नव्हती, आणि तो हलकेपणा त्याला सोसवेना. शर्टाची मागची बाजू कुणी धरलेली नव्हती. ती नुसती वाऱ्यावर फडफडत होती. दोनदा त्यानं मागं हात नेऊन ती खोचली, दोनदा सुटली.

टाकी आली. टाकी गेली. अबोला तोंडाचा असतो. पायांना तो कुणी सांगितलेला नसतो.

वळणापलीकडे बोळाएवढं दुकान. वर दोरीला मिक्सरची भांडी टांगलेली, खाली उघडी पडलेली मोटर, आणि स्टुलावर दादा, पाठीत वाकलेला, हात तारांत गुंतलेले. केस पार पांढरे झाले होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. तो वर सारायला हात रिकामा नसला की दादा नाक मुरडायचा, तसंच आत्ताही त्यानं मुरडलं.

थांबायचं नाही, बाइंडरनं ठरवलं. बघायचं आणि जायचं. दिसला, पुष्कळ झालं. थांबलो, आणि दादानं मान वर केलीच नाही तर? ते सोसण्यापेक्षा न थांबलेलं बरं. एवढंसं दुकान; चार पायडल मारली की मागं पडेल.

तो पायडल मारत होता, पण डोळे दुकानातून निघत नव्हते. त्यामुळे दुकानासमोरचं खचलेलं गटाराचं झाकण त्याला दिसलं तेव्हा चाक त्याच्या तोंडाशी होतं. ब्रेक दाबला. ब्रेकच्या मनात आलं नाही.

"खड्डा!"

ओरडल्यावर त्याला कळलं की आपण ओरडलो. आवाज पन्नाशीतला नव्हता. चाक दणकन आदळलं, पोरकट घंटी आपोआप वाजली, आणि रस्त्यावरची एक बाई दचकून बाजूला झाली.

आत दादाची मान खालीच होती. नजर तारांवर होती. पण त्याचे दोन्ही हात तारा सोडून स्टुलाच्या कडांवर आले होते, आणि तो बोटभर वर उचलला गेला होता.

बाइंडरचा एक पाय जमिनीला टेकला. दादा अजून खाली बसला नव्हता.