तुरेवालीची अंडी

“सिलिंडर बंद करा आधी. इंजिनपण. नायतर गाडी मागं घ्या.”

फेरीबोटीवरचा भागोजी काही ऐकेना. हारुनमामूने गॅसची चावी फिरवली. गाडीतल्या फ्रीजखालची इवलीशी निळी ज्योत विझली, तसं इक्राने फ्रीजचं दार आणखी घट्ट दाबलं.

कुवेतहून परतल्यावर मामूने जुन्या टेम्पोचं चाकांवरचं घर केलं होतं. आत बिछाना, शेगडी, गॅसवर चालणारा फ्रीज. अख्खं दाभोळ बघायला लोटलं होतं. आज मात्र त्या फ्रीजमध्ये एकच ऐवज होता: नानीच्या तुरेवाल्या कोंबडीची अंडी. तुरेवालीला मागच्या आठवड्यात मुंगसाने नेलं. तशी कोंबडी पंचक्रोशीत दुसरी नव्हती.

निघताना नानीने तुसात रचलेल्या अंड्यांची टोपली इक्राच्या हातात दिली. “रत्नागिरीला जाताना वाटेत अंजनवेलला खालेकडे दे. खराब होऊ देऊ नको हां. आता पुन्हा मिळायची नाहीत.”

“नानी, तू बिनधास्त रहा!”

रत्नागिरीच्या शाळेत यंदा नववीत पहिली आलेली मुलगी ती. अंड्यांना काय घाबरणार? गाडीत चढताच तिने तूस झटकलं आणि एकेक अंडं फ्रीजच्या दारातल्या खाचेत बसवलं. खालेच्या, म्हणजे मावशीच्या, हातचं पुडिंग तिला आत्ताच दिसायला लागलं होतं.

“पलीकडे धोपाव्याला पोचायला कितीसा वेळ?” मामू म्हणाला. “एवढ्यात काय होत नाय.”

पण खाडीच्या मध्यावर बोट घसरली, थबकली आणि वाळूत रुतून बसली. ओहोटी!

भागोजीने हात वर केले. “भरती लागली की निघू.”

वरून मे महिन्याचं ऊन, खाली तापलेला पत्रा. इक्राने ओढणी कमरेला खोचली. मामूची गोधडी खाडीच्या पाण्यात भिजवून तिने फ्रीजवर लपेटली. खिडक्यांना चादरी लावल्या. आणि स्वतः फ्रीजच्या दाराला पाठ लावून बसली.

“इक्रा, थंड पाण्याची बाटली ठेवलीयस काय गं आत?” मामूने घाम पुसत विचारलं.

“नाही. आणि असती तरी मिळाली नसती. दार उघडायचं नाही!”

“माझीच गाडी, माझाच फ्रीज...”

“अमानत खालेची आहे, मामू.”

मामू खाली उतरला.

तेवढ्यात तिला सोनूबाई दिसली. मासळीची पाटी, पाटीत चुरलेला बर्फ, आणि डोक्यावर नुसता पदर. इक्रा धावत गेली.

“मावशी, आत येऊन बिछान्यावर पडा. सावली आहे. मला फक्त तुमचा थोडा बर्फ द्या.”

“आणि माझी सुरमय उन्हात शिजवू काय?”

“सुरमई पण सावलीला आणा.”

सोनूबाई हसत गाडीत चढली, बिछान्यावर ऐसपैस पसरली. इक्राने पातेलंभर बर्फ घेतला, श्वास रोखला आणि पापणी लवायच्या आत दार उघडून पातेलं आत सरकवलं. धाड! दार बंद.

“काय गो, एवढी राखण कसली?” सोनूबाईने डोळे बारीक केले. “नवरा ठेवलायस काय आत?”

“ठेवला असता तर एव्हाना कुडकुडून पळाला असता,” इक्रा म्हणाली. पण आत काय आहे ते सांगितलं नाही. सांगितलं की हा म्हणणार दाखव, तो म्हणणार दाखव. दार उघडलं की संपलं!

बर्फ वितळत गेला, गोधडी वाळत गेली. तिने ती पुन्हा भिजवली, पुन्हा लपेटली. हात खारटले, पाठ आंबली. ती हलली नाही. अखेर पाणी चढलं, बोट डुलली, आणि सोनूबाईच सगळ्यात मोठ्याने ओरडली, “चला गो बाय, सुटलाव!”

धोपाव्याला उतरताच मामूने ज्योत पेटवली.

अंजनवेलला गाडी थांबली न थांबली तोच इक्राने फ्रीज उघडला. एक अंडं गालाला लावून पाहिलं. गारेगार! सगळी पुन्हा टोपलीत भरून, मान ताठ करून ती अंगणात शिरली.

“खाला, बघ तरी, कशी आणलीत!”

“आलीस गं बाय?” मागच्या पडवीतून खालेचा आनंदाने भरलेला आवाज आला. “ये, इकडेच आण लवकर. माझी कोंबडी सकाळपासून खुडूक बसल्येय, रिकाम्या पेंढ्यालाच ऊब देत्येय बिचारी. घाल तिच्याखाली. महिन्याभरात नानीच्या तुरेवालीची पिल्लं नाचतील बघ अंगणात!”