मूळचा सायलेन्सर

लहानपणापासून धम्मानंदला सगळे एकच सांगत, “मोठ्यानं बोल गा!” म्हणूनच सायलेन्सर बदलून गर्जायला शिकवलेली ती जुनी स्पोर्ट्स कार त्याला हवी होती. तो स्टिअरिंगवर बसला. “अख्खं नागपूर वळून पाहीन तुले!” म्हणत डीलरनं खिडकीतून हात घालून चावी फिरवली, तसं इंजिन गरजू लागलं. समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं वळली. पण नजरा बॉनेटवर थबकल्या, धम्मानंदपर्यंत एकही पोहोचली नाही. खट्टू मनानं उतरून त्यानं पारखण्यासाठी डिकी उघडली. आत मूळचा सायलेन्सर होता, पहिल्या मालकानं लेकरासारखा जुन्या दुपट्यात गुंडाळून जपलेला. धम्मानंद पुटपुटला, “हाच बसवून द्या.” “काय म्हणून राहिला गा? ऐकूच नाही येत!” डीलरनं इंजिन बंद करायला आणि धम्मानंदनं ओरडायला एकच गाठ पडली, “भाऊ, मले हिचा मूळचाच आवाज पायजे!” टपरीवरची माणसं पुन्हा वळली. या वेळी त्याच्याकडे.